प्रश्नोत्तरे : हेडफोनवर मिक्सिंग करायचे, तर डॅक कोणता घ्यावा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला अपार्टमेंटमध्ये राहतो. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी आणि अधूनमधून यूट्यूबवर टाकायला आम्ही काही मित्र मराठी गाणी घरीच रेकॉर्ड करतो. पेटी, तबला, कधी ढोलकी आणि दोन-तीन गायक, एवढाच पसारा. मुले झोपली की रात्री मी मिक्सिंगला बसतो. शेजाऱ्यांमुळे स्पीकर लावता येत नाहीत, त्यामुळे सगळे काम हेडफोनवरच. हेडफोन सेनहायझर एचडी ६०० आहेत आणि इंटरफेस दोन इनपुटचा, साधा आहे. अडचण अशी की हेडफोनवर छान बसलेले गाणे गाडीत लावले की डग्गा नको इतका घुमतो आणि गायकाचा आवाज कोरडा वाटतो. एक जाणकार मित्र म्हणतात, तुझ्या इंटरफेसमधला डॅक हलका आहे, सहाशे डॉलरचा स्वतंत्र डॅक घे, फरक लगेच कळेल. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. तुमच्या तक्रारीत डॅकचा हात जवळजवळ नाही. सहाशे डॉलर खर्च केलेत तरी डग्गा गाडीत तसाच घुमेल.

संगणकात गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करणे एवढेच डॅकचे काम. हे काम एके काळी खरोखर अवघड होते, आणि त्याचा इतिहास तुमच्या घरापासून फार लांब नाही. मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून संगीत वाजवून घेतले. पहिली रचना जेमतेम १७ सेकंदांची होती. गणित न्यूयॉर्कमधल्या आयबीएम ७०४ या यंत्रावर व्हायचे, मग आकड्यांची टेप मरे हिलला आणायची आणि तिथल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या कन्व्हर्टरमधून तिचा आवाज काढायचा. आज तेच काम ॲपलच्या नऊ डॉलरच्या यूएसबी-सी ते हेडफोन अडॅप्टरमधली नखाएवढी चिप करते, आणि त्या ट्यूबच्या कन्व्हर्टरपेक्षा कितीतरी अचूक करते.

अचूक म्हणजे किती? बऱ्यापैकी कोणताही आधुनिक डॅक २० हर्ट्झपासून जवळजवळ २० हजार हर्ट्झपर्यंत सगळे सूर सारख्याच जोराने पुढे पाठवतो. चूक झालीच तर डेसिबलच्या एक-दोन दशांशांची. याउलट दोन कंपन्यांच्या स्टुडिओ हेडफोनमध्ये पाच-सात डेसिबलचा फरक सहज सापडतो. तोच हेडफोन काढून पुन्हा घातला, तरी तार स्वरांच्या पट्टीत एक-दोन डेसिबल इकडे-तिकडे होतात. चष्म्याच्या काडीमुळे कानाची गादी नीट बसली नाही तर बंद पाठीच्या हेडफोनमधला खर्ज गळतो. जुन्या, चेपलेल्या गाद्यांनीही आवाज बदलतो. इतका हेलकावा कानापाशी असताना डॅकमधले दशांश सुधारत बसणे म्हणजे सोनाराच्या तराजूत कांदे तोलणे.

खरखरीचा मुद्दा मित्र काढतील, म्हणून तोही पाहू. १६ बिटच्या सीडीची कमाल आणि किमान पातळी यांतले अंतर साधारण ९६ डेसिबल. चांगला डॅक आज ११० ते १२० डेसिबल देतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रिजची घरघर, एसीचा वारा आणि माइकची स्वतःची खरखर या सगळ्यांचा थर डॅकच्या खरखरीपेक्षा खूप वर असतो. ऐकू येते ती खरखर खोलीची असते.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसला?

बहुतेक वेळा मोठेपणाचा. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठे वाजले, तरी कान त्याला ‘मोठे’ म्हणत नाहीत, ‘जास्त स्वच्छ’, ‘जास्त भरदार’ म्हणतात. नव्या डॅकचे आउटपुट जुन्यापेक्षा जोरकस असेल, तर पहिल्याच मिनिटाला तो जिंकतो.

असा फरक खरोखर ऐकू येतो का, याची तपासणी अमेरिकेत झालेली आहे. बॉस्टन ऑडिओ सोसायटीच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी उच्च दर्जाच्या एसएसीडी तबकड्यांचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरमधून फिरवून ऐकवला. कोणता कुठला हे ऐकणाऱ्यांना सांगितले नव्हते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी आली असती तेवढीच. हा निबंध २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले, पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली : फरक असलाच तर तो ‘लगेच कळण्याजोगा’ नाही.

मित्राकडे डॅक असेल तर एक संध्याकाळ मागून आणा आणि घरीच परीक्षा घ्या. ३०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, साध्या मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांचे आउटपुट मोजा आणि व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. मग पत्नीला किंवा मित्राला तुमच्या पाठीमागे बसवून त्यांच्या मनाप्रमाणे वायर बदलायला सांगा. सोळा वेळा ऐका, कोणता डॅक ते कागदावर लिहा आणि शेवटी पडताळा. बारा किंवा अधिक बरोबर आले, तर तुमच्या कानाला फरक खरोखर कळतो असे म्हणता येईल, कारण निव्वळ नशिबाने तेवढे येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. आठ-नऊ आले, तर सहाशे डॉलर वाचले.

तर मग डॅक घेताना पाहायचे तरी काय?

तीनच गोष्टी, आणि त्यातल्या दोन खरे तर डॅकच्या नव्हेत, त्याला जोडलेल्या हेडफोन-ॲम्प्लिफायरच्या आहेत. सोयीसाठी डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच डबीत मिळतात म्हणून सगळे तिला डॅक म्हणतात.

पहिली गोष्ट ताकद. तुमचे एचडी ६०० हे ३०० ओहमचे आहेत. एक व्होल्ट दिला तर त्यांना सुमारे ३.३ मिलिवॉट मिळतात. तोच एक व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॉट देतो. म्हणजे जास्त ओहमच्या हेडफोनला करंट कमी पण व्होल्टेज भरपूर लागते. तुमच्या इंटरफेसचा हेडफोनचा नॉब तीन-चतुर्थांश फिरवल्यावर आवाज पुरेसा येतो का, आणि तबल्याची जोरकस थाप फाटल्यासारखी वाटत नाही ना, एवढे पाहा. दोन्ही ठीक असेल तर ताकदीची चिंता सोडा. नॉब शेवटपर्यंत नेऊनही आवाज पुरत नसेल, तर दोन व्होल्ट किंवा अधिक देणारा ॲम्प्लिफायर हवा. तो इंटरफेसच्या लाइन-आउटला जोडता येतो, त्यासाठी दुसरा डॅक घ्यावा लागत नाही. इलिनॉयची जेडीएस लॅब्ज किंवा २०१० साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली शीट ऑडिओ यांचे साधे ॲम्प्लिफायर शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळतात.

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्स. जाहिरातीत ही क्वचितच ठळक छापतात, पण डग्ग्याच्या तोलाशी हिचा संबंध येऊ शकतो. काही स्वस्त इंटरफेसांच्या हेडफोन-जॅकचे आउटपुट इम्पीडन्स २०-३० ओहम किंवा त्याहून अधिक असते. हेडफोनचे इम्पीडन्सही सगळ्या सुरांना सारखे नसते. बऱ्याच हेडफोनमध्ये ते १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमके डग्ग्याच्या घुमाऱ्यापाशी, वाढते. समजा हेडफोन ३२ ओहमचा आहे, तिथे त्याचे ६४ ओहम होतात, आणि जॅकचे इम्पीडन्स ३० ओहम आहे. हिशेब केला तर डग्गा बाकीच्या सुरांपेक्षा जवळजवळ अडीच डेसिबलने फुगून ऐकू येतो. मिक्स करणारा मग त्याला खाली दाबतो आणि गाडीत डग्गा गायब होतो. जॅक एक ओहमचा असेल तर तीच चूक डेसिबलच्या एक दशांशावर येते. साधा नियम असा की जॅकचे इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावे. तुमच्या ३०० ओहमच्या हेडफोनला ३० ओहमचा जॅकही चालून जातो, फरक अर्ध्या डेसिबलहून कमी पडतो. पण उद्या त्याच जॅकला कानात घालायचे, अनेक ड्रायव्हरचे इअरफोन लावलेत तर आवाजाचा तोल चांगलाच बदलेल. प्लेनर प्रकारच्या हेडफोनचे इम्पीडन्स सगळीकडे सारखे असल्यामुळे त्यांना ही बाधा होत नाही. मात्र त्यांना करंट जास्त लागतो.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर आणि जोडणी. रेकॉर्डिंगही तुम्हीच करता, त्यामुळे इनपुट असलेला इंटरफेस तुम्हाला लागणारच. नुसता डॅक घेतलात तर एकाच संगणकावर दोन यंत्रे सांभाळत बसाल. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, ते पाहून घ्या. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर ठेवला तर त्याचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकवताना या उशिराचे महत्त्व असते, मिक्सिंगला ते नाही. मिक्सिंगच्या वेळी बफर खुशाल मोठा ठेवा, संगणक अडखळणार नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. काही ॲम्प्लिफायर भिंतीवरच्या जड ट्रान्सफॉर्मरवर चालतात आणि तो फक्त अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी असतो. पुढेमागे यंत्र पुण्याला न्यायचा विचार असेल तर अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापले आहे का, ते बघून घ्या. नाहीतर २३० व्होल्टला लावताच ते जळेल. यूएसबीवर चालणाऱ्या यंत्राला ही काळजी नाही. आणि हेडफोनमध्ये गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. तेवढ्याने ती थांबली तर दोष डॅकचा नाही.

चिपच्या नावांनी भारून जाऊ नका. कॅलिफोर्नियाची ईएसएस, टेक्सासची सिरस लॉजिक आणि जपानची एकेएम, तिघांच्याही चिपा उत्तम. ऑक्टोबर २०२० मध्ये एकेएमच्या जपानमधल्या कारखान्याला आग लागली आणि चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपल्या यंत्रांत दुसऱ्यांच्या चिपा बसवल्या. अशा अदलाबदलीने कुणाची गाणी बिघडली नाहीत.

या क्षेत्रात एक गमतीदार प्रकरण होऊन गेले. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अनामिक अभियंत्याने २०११ मध्ये ‘ओ२’ नावाच्या हेडफोन-ॲम्प्लिफायरचा आराखडा सगळ्यांना फुकट देऊन टाकला. पुढच्या वर्षी त्याला जोडीचा डॅकही आला. मोजमाप चांगले असेल तर महाग यंत्र आणि स्वस्त यंत्र यांत कानाला फरक कळत नाही, हे त्याचे म्हणणे होते, आणि ते त्याने मोजून दाखवले. २०१२ मध्ये त्याने लिहिणे अचानक थांबवले, आणि तो कोण होता हे उघड झाले नाही. पण तेव्हापासून शंभर डॉलरच्या यंत्रांचे मोजमाप छापण्याची सवय या बाजाराला लागली, आणि तिचा फायदा आज तुम्हा-आम्हाला होतो.

मग डग्गा घुमतो कशाने?

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. पहिले कारण : तुम्ही रात्री हळू आवाजात मिक्स करता. बेल लॅब्जच्याच हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू केला की कानाला खर्ज इतर सुरांपेक्षा जास्त कमी वाटतो. मध्यरात्री हळू आवाजात डग्गा दबलेला भासतो, तुम्ही तो वर घेता, आणि गाडीत मोठ्याने लावला की तोच डग्गा घुमायला लागतो. दुसरे कारण : एचडी ६००सारख्या उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये अगदी खालचा खर्ज मुळात कमी असतो, त्यामुळे हात आणखी वर जातो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१३च्या सुमारास हेडफोनवर संशोधन केले. चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरवर जसा तोल ऐकू येतो तसाच हेडफोनवर बहुतेकांना आवडतो, आणि त्यासाठी खर्ज थोडा वाढवावा लागतो, असे त्यात दिसून आले.

गायक कोरडा वाटतो त्याचे कारण वेगळे. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज क्षणभर उशिरा आणि डोक्याच्या आडोशाने थोडा मऊ होऊन उजव्या कानालाही पोहोचतो. हेडफोनवर डावे डाव्या कानात आणि उजवे उजव्या कानात अडकून पडते. त्यामुळे घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, हेडफोनवर फार स्पष्ट ऐकू येतो, तुम्ही तो कमी ठेवता आणि गाडीत आवाज कोरडा होतो. याचा उपाय बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच मांडला होता : एका बाजूचा थोडा आवाज किंचित उशिराने दुसऱ्या कानाला द्यायचा. त्याला क्रॉसफीड म्हणतात. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरसाठी क्रॉसफीडचे प्लगइन मिळतात, काही फुकटही आहेत.

तेव्हा असे करा. आवाजाची एक पातळी ठरवून नॉबवर खूण करा, समोरासमोर बसून बोलणाऱ्या माणसाएवढी, आणि तोलाचे निर्णय त्याच पातळीवर घ्या. शेवटी थोडा वेळ मोठ्याने ऐकून तपासा, पण फार वेळ नको. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, एनआयओएसएचने, ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. तुमच्या हेडफोनच्या मॉडेलसाठी तयार केलेली इक्यू सुधारणा लावा. गाणे निर्यात करताना मात्र ती सुधारणा आणि क्रॉसफीड दोन्ही आठवणीने बंद करा, ती फक्त ऐकण्यासाठी आहेत.

आणि जवळ एक संदर्भगीत ठेवा. पेटी-तबल्याच्या गाण्याला संदर्भ पेटी-तबल्याचाच हवा. ‘सैराट’चे (२०१६) संगीत लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदासह रेकॉर्ड झाले होते, ते ऐकायला उत्तम, पण तुमच्या डग्ग्याचा तोल त्यावरून ठरणार नाही. संदर्भगीत तुमच्या मिक्सएवढ्याच मोठेपणावर आणा, मग तुलना करा.

हेडफोनवर मिक्सिंग होतच नाही, असेही कुणी सांगेल. पण अँड्र्यू शेप्स हे नामांकित अमेरिकन मिक्सिंग इंजिनिअर सोनी एमडीआर-७५०६ या हेडफोनवर मिक्स करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. तो हेडफोन १९९१ पासून बाजारात आहे आणि शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. त्यांचे बळ एवढेच की त्या हेडफोनमध्ये काय कसे ऐकू येते हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सरावाने पाठ आहे.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झ चालवणारा डॅक घेतला तर भविष्यासाठी बरा नाही का? *(फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)*

उत्तर : नाही. एखाद्या लहरीत जेवढा वरचा सूर असेल त्याच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घेतले की ती लहर पूर्ण परत मिळते, हे गणित क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडून ठेवले आहे. माणसाच्या कानाची हद्द २० किलोहर्ट्झ, आणि वयाबरोबर ती खाली येते. ४८ किलोहर्ट्झ पुरते, शिवाय व्हिडिओचे प्रमाणही तेच आहे. रेकॉर्डिंग मात्र २४ बिटमध्ये करा. त्याने गायक अचानक वरच्या पट्टीत गेला तरी आवाज फाटणार नाही इतकी मोकळी जागा ठेवता येते.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनला चांगला डॅक जोडता येईल का? *(डॅलस, टेक्सास)*

उत्तर : ब्लूटूथवर ऐकताना बाहेरच्या डॅकचा उपयोगच होत नाही, कारण डॅक हेडफोनच्या आत बसवलेला असतो. तिथपर्यंत आवाज दाबून पाठवला जातो आणि उशीरही सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा होतो. त्यावर रेकॉर्डिंग करू नका, मिक्सिंगही नको. पण लोक तुमचे गाणे त्यावरच ऐकणार आहेत, म्हणून शेवटची तपासणी जरूर करा.

एडिसनच्या वाचकांसाठी निकाल असा : आहे तो इंटरफेस ठेवा. आवाज खरोखर अपुरा पडत असेल तरच शंभर डॉलरचा ॲम्प्लिफायर घ्या. आधी इक्यू, क्रॉसफीड आणि नॉबवरची खूण एवढे करून पुढची दोन गाणी मिक्स करा आणि गाडीत ऐका. या विषयावर आणखी प्रश्न पाठवायचा असेल, तर हेडफोनचे मॉडेल, त्याचे ओहम आणि इंटरफेसचे नाव न विसरता लिहा. एवढे कळले तर उत्तर तुमच्या कामाचे देता येईल.